घड्याळातला 'एचआरव्ही', आपलं दिल आणि संथ श्वास : योगाने शरीरात नेमकं काय होतं?



माझा धाकटा दीर महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर आहे. आठवड्याला पाळी बदलते. कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रातपाळी. ईदच्या सुट्टीत त्याच्या मेव्हण्याने दोह्याहून त्याच्यासाठी स्मार्टवॉच आणलं. पोराटोरांना दाखवून झालं, पावलं मोजून झाली. मग एका सकाळी रातपाळी संपवून हा घरी न जाता सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"भाभी, तुम्ही सायन्स शिकवता ना? हे बघा. एचआरव्ही चोवीस दाखवतंय. खाली लिहिलंय, कमी आहे. माझं हार्ट खराब झालं का?"

मी काही बोलायच्या आत दुसरा प्रश्न आला. "प्लांटमधले एक साहेब म्हणाले, योगा कर, आकडा वाढेल. पण आपल्याला योगा चालतो का?"

दोन्ही प्रश्न त्याच्या एकट्याचे नाहीत. बिरवाडीपासून पोलादपूरपर्यंत आपल्या कितीतरी घरांतली माणसं पाळीवर जातात, आणि गल्फमधून आलेली घड्याळंही आता बऱ्याच मनगटांवर दिसतात. म्हणून जे वाचलं, पडताळून पाहिलं, ते इथे सोप्या भाषेत मांडते.

दिल घड्याळासारखं चालत नाही

एचआरव्ही म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराची कमीजास्ती. मिनिटाला ७० ठोके पडतात असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला वाटतं की प्रत्येक दोन ठोक्यांमधलं अंतर सारखंच असेल. तसं नसतं. एक अंतर ८२० मिलिसेकंदांचं, पुढचं ८९० चं, त्यापुढचं ८५० चं. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हा जो थोडा थोडा फरक, त्याचं माप म्हणजे एचआरव्ही.

नववीच्या वर्गात मी यासाठी एक प्रयोग घेते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी शोधायची. मग सावकाश श्वास आत, सावकाश बाहेर. लक्ष फक्त नाडीवर. दोन मिनिटं वर्ग एकदम शांत असतो (हा फायदा वेगळाच). मग कुणीतरी ओरडतंच, "टीचर, आत घेताना पळतेय, सोडताना मंदावतेय!" बरोबर. श्वास घेताना ठोके थोडे जलद होतात, सोडताना सावकाश. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये हे जास्त ठळक जाणवतं, वय वाढतं तसं कमी होत जातं. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली हे यंत्राने नोंदवलं होतं.

आपल्या हकिमांचं नब्जवर बारीक लक्ष फार जुनं आहे. इब्न सीना यांनी 'अल-कानून'मध्ये नब्ज तपासताना पाहायच्या दहा गोष्टी सांगितल्या आहेत, आणि नब्ज एकसारखी आहे की कमीजास्त होते, हा त्यांतलाच एक मुद्दा. त्या काळी मिलिसेकंद मोजायचं यंत्र नव्हतं, बोटं होती.

एक्सिलरेटर आणि ब्रेक

आता हा फरक पडतो का, ते पाहू. दहावी-बारावीच्या मुलांना 'स्वायत्त चेतासंस्था' हा शब्द माहीत असतो. श्वास, पचन, ठोके, घाम ही कामं आपल्या हुकमाशिवाय चालवणारी ही व्यवस्था. तिच्या दोन शाखा आहेत. अनुकंपी म्हणजे एक्सिलरेटर. कारखान्यात भोंगा वाजला, कुत्रा अंगावर आला, साहेब ओरडले की ही शाखा जागी होते. ठोके वाढतात, दाब वाढतो, तोंड कोरडं पडतं. परानुकंपी म्हणजे ब्रेक. जेवण झाल्यावर, झोपेत, निवांत बसल्यावर हिचं राज्य असतं.

हृदयापर्यंत हा ब्रेक पोचवते ती व्हेगस नावाची चेता. मेंदूच्या तळापासून निघून मान, छाती, पोट असा तिचा लांब प्रवास. लॅटिनमध्ये 'व्हेगस' म्हणजे भटकणारी.

पोलादपूरहून कशेडी घाट उतरणारा ड्रायव्हर आठवा. त्याचा पाय ब्रेकवरून पूर्ण निघत नाही. किंचित दाबलेला असतो, वळण आलं की थोडा जास्त, सरळ रस्ता आला की थोडा कमी. व्हेगसचं काम तसंच. हृदयातला ठोके देणारा बिंदू कुणाची मदत नसेल तर मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. आपली नाडी सत्तरवर राहते, कारण हा ब्रेक दिवसरात्र हलकेच दाबलेला आहे. हृदयाचं प्रत्यारोपण झालेल्या माणसात या चेता तुटलेल्या असतात, म्हणून त्याची नाडी निवांत बसलेला असतानाही नव्वद-शंभरच्या घरात राहते.

ब्रेक काम कसा करतो, याचा शोध लागला तो किस्सा मुलांना फार आवडतो. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला एका रात्री स्वप्नात प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत चिठ्ठीवर लिहून ठेवला, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा मात्र तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्याच्या व्हेगसला विजेचा झटका दिला, ठोके मंदावले. मग त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे व्हेगसमधून काहीतरी रसायन झिरपतं. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला आणि १९३६ साली लोवीला नोबेल मिळालं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. ते पटकन काम करतं आणि पटकन विरतं. एक्सिलरेटरचं रसायन मात्र सावकाश चढतं, सावकाश उतरतं. त्यामुळे एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत जो झटपट फरक दिसतो, तो मुख्यतः ब्रेकचा. एचआरव्ही पाहणं म्हणजे एका अर्थाने ब्रेक कसा चालतोय हे पाहणं.

मिनिटाला सहा श्वासांची करामत

श्वास घेताना मेंदू व्हेगसचा ब्रेक क्षणभर सैल करतो, सोडताना पुन्हा दाबतो. म्हणून श्वास सोडणं जितकं लांब आणि संथ, तितका ब्रेकला वेळ जास्त.

याच्या जोडीला आणखी एक यंत्रणा आहे. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत रक्ताचा दाब ओळखणारे संवेदक बसवलेले आहेत. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू ठोके कमी करतो. दाब घटला की उलट. या सांगण्या-ऐकण्याची एक फेरी साधारण दहा सेकंदांची असते.

आपण एरवी मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो. तेच मिनिटाला सहा घेतले, तर एक श्वास दहा सेकंदांचा झाला. म्हणजे श्वासाची लय आणि दाबाच्या फेरीची लय जुळली. झोक्याला योग्य वेळी धक्का दिला की झोका उंच जातो ना, तसं होतं. ठोक्यांचा चढउतार मोठा होतो आणि दाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तत्पर होते. योगातल्या प्राणायामाचा, शवासनाचा, संथ आसनांचा चेतासंस्थेवर जो परिणाम सांगतात, त्यातला मोठा भाग या संथ श्वासाचा आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. संथ श्वास घेत असताना आकडा वाढला म्हणजे हृदय लगेच तंदुरुस्त झालं, असं नाही. झोका उंच गेला म्हणून दोर मजबूत झाला असं थोडंच आहे? रोजच्या सवयीने, आठवडे-महिन्यांनी फरक पडतो का, हा वेगळा प्रश्न. त्याकडे पुढे येते.

डॉक्टर हा फरक का पाहतात

बाळंतपणाच्या वेळी पोटाला पट्टा लावून बाळाच्या ठोक्यांचा कागद काढतात, हे आपल्या आयाबहिणींना माहीत आहे. त्या कागदावरची रेघ बारीक बारीक खालीवर होत असली तर डॉक्टर निर्धास्त असतात. रेघ सपाट होऊ लागली की धावपळ सुरू होते. १९६० च्या दशकात हॉन आणि ली या डॉक्टरांनी दाखवलं की पोटातलं बाळ संकटात असताना ठोक्यांची संख्या बदलण्याआधी ठोक्यांमधला हा फरक बदलतो.

१९८७ साली अमेरिकेत हार्ट ॲटॅकमधून वाचलेल्या ८०८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. चोवीस तासांच्या नोंदीत ज्यांच्यात हा फरक फार कमी होता, त्यांना पुढच्या काळात मृत्यूचा धोका बराच फरक असणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त दिसला.

आणि हे शुगरवाल्यांनी नीट वाचावं. मधुमेह वर्षानुवर्षं आटोक्याबाहेर राहिला तर पायांच्या चेतांप्रमाणे हृदयाच्या चेताही खराब करतो. हे तपासायची एक साधी पद्धत १९७० च्या दशकात एडिंबरोच्या डॉ. युइंग यांनी रूढ केली. ईसीजी लावून रुग्णाला मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावायचं, आणि श्वास घेतानाचे जास्तीत जास्त ठोके आणि सोडतानाचे कमीत कमी ठोके यांतला फरक पाहायचा. मिनिटाला १५ किंवा जास्त फरक असेल तर ठीक, १० किंवा कमी असेल तर चेता दुखावल्याची खूण. वय झालं की फरक कमी होतो, तेही डॉक्टर धरतात. चेता खराब झालेल्या माणसाला हार्ट ॲटॅकची कळही कधी कधी जाणवत नाही. 'काही दुखलंच नाही, नुसता घाम आला आणि गेले' असं आपण मयतीच्या घरी ऐकतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

सह्याद्रीच्या माथ्यावरची प्रयोगशाळा

योग आणि शरीरशास्त्र यांची गाठ घालून देण्याचं काम आपल्याच सह्याद्रीत सुरू झालं. स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली. त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. योगाने अमुक बरं होतं असं नुसतं म्हणू नका, एक्स-रे काढा, दाब मोजा, लिहून ठेवा, हा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षांपूर्वी ही मोठी गोष्ट होती.

१९६९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे निष्कर्ष 'अँजिऑलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. शवासन म्हणजे पाठीवर निपचित पडून संथ श्वासाकडे लक्ष देणं. साधारण निम्म्या रुग्णांना चांगला फायदा झाला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. उरलेल्या निम्म्यांना तसा फायदा झाला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. शिवाय गोळ्या कमी केल्या त्या डॉक्टरांनी, रुग्णांनी आपल्या मनाने नव्हे.

याच प्रयोगांनी काही भ्रमही मोडले. 'योगी हृदय थांबवू शकतात' असं लोक मानायचे. वेंगर आणि बागची हे अमेरिकेतून आलेले शास्त्रज्ञ आणि दिल्लीचे डॉ. आनंद यांनी असा दावा करणाऱ्यांना ईसीजी लावून पाहिलं. १९६१ साली निष्कर्ष छापून आले. छातीवर जोर देऊन श्वास कोंडल्याने नाडी हाताला लागेनाशी झाली, आवाज ऐकू येईना, पण कागदावर हृदय व्यवस्थित चालूच होतं.

तसबीह, माळ आणि मिनिटाला सहा

माझ्या दिराच्या दुसऱ्या प्रश्नाकडे नेणारा एक अभ्यास इटलीतला आहे. २००१ च्या डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी तो छापला. २३ निरोगी माणसांना त्यांनी कॅथलिक लोकांची माळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एक बौद्ध मंत्रही म्हणायला लावला. दोन धर्म, दोन भाषा. पण दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि दोन्ही वेळा दाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तत्पर झाली. माळेवर मोजून प्रार्थना करायची रीत युरोपात क्रुसेडच्या काळात अरबांकडून पोचली असावी, अशी नोंदही त्यांनी केली. म्हणजे आपली तसबीह या गोष्टीत कुठेतरी आहेच.

मलेशियात २०१४ साली ३० निरोगी मुस्लीम पुरुषांवर नमाजच्या वेळचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या लहरी आणि ठोक्यांच्या नोंदी पाहिल्या, तर नमाजमध्ये ब्रेकवाल्या शाखेचं काम वाढलेलं दिसलं. अभ्यास छोटा आहे, तीसच माणसांचा. त्यावरून मोठमोठे दावे करू नयेत.

इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. व्हॉट्सॲपवर 'नमाज हाच सर्वांत मोठा योग' असे मेसेज फिरतात. मला ते पटत नाही. नमाज इबादत आहे. आपण ती एचआरव्ही वाढावा म्हणून पढत नाही, आणि उद्या एखाद्या यंत्राने फायदा नाही म्हटलं तरी सोडणार नाही. सूरह रअदमधली दिलाच्या सुकूनची आयत आपल्याला तोंडपाठ आहे, तिला प्रयोगशाळेच्या सर्टिफिकेटची गरज नाही. पण घाईघाईत, एका दमात तसबीह उरकली की श्वास उथळच राहतो. तेच तजवीदने, थांबून, आयत संथपणे पढली की श्वास सोडणं आपोआप लांबतं. हा फरक ज्याने त्याने स्वतःवर पाहावा.

मग, आपल्याला योग चालतो का?

मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. मसला आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावा. माझ्यापुरती माहिती तेवढी देते.

२००८ साली मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा कौन्सिलने मंत्रोच्चार आणि दुसऱ्या धर्माची उपासना मिसळलेला योग मुस्लिमांसाठी वर्ज्य ठरवला. २००९ च्या सुरुवातीला इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने मंत्र आणि पूजेचे विधी असलेला योग मना केला, पण निव्वळ शारीरिक व्यायाम म्हणून केलेल्याला हरकत घेतली नाही. २०१७ साली सौदी अरेबियाने योगाला क्रीडाप्रकार म्हणून परवानगी दिली.

इतिहासही पाहण्यासारखा आहे. अकराव्या शतकात अल-बिरूनी यांनी पतंजलींचा ग्रंथ अरबीत आणला. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे शत्तारी सूफी शेख मुहम्मद गौस यांनी 'बहर-उल-हयात' या फारसी ग्रंथात योग्यांची आसनं आणि श्वासाच्या पद्धती लिहिल्या. हा काही फतवा नव्हे. पण आपल्यातल्या जाणत्यांनी दुसऱ्यांचं ज्ञान न घाबरता वाचलं, तपासलं, एवढं त्यातून कळतं.

माझी समजूत अशी. पाठ सरळ ठेवून बसणं आणि सावकाश श्वास सोडणं यात शब्द नाही, मूर्ती नाही, कुणापुढे झुकणं नाही. व्हेगस अल्लाहने प्रत्येकाच्या शरीरात ठेवली आहे, ती कुणाचं नाव विचारत नाही. ज्याला 'योग' या शब्दाशी अडचण आहे, त्याने 'संथ श्वासाचा व्यायाम' म्हणावं. ज्या विधीत मन अडखळतं, तो करू नये. आणि शेजारी जर श्रद्धेने ओंकार म्हणून करत असेल, तर ती त्याची श्रद्धा, तिचा मान ठेवावा.

किती खरं, किती फुगवलेलं

आता पुराव्याचा हिशोब. २०१५ साली योग आणि एचआरव्ही यांवरच्या १४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांतल्या फारच थोड्या दर्जाच्या कसोटीला उतरल्या, आणि योगाने एचआरव्ही सुधारतोच असा खात्रीचा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. २०१६ सालच्या आणखी मोठ्या आढाव्यात ५९ अभ्यास होते. त्यात ब्रेकवाल्या शाखेकडे कल दिसतो असं म्हटलं, पण बरेच अभ्यास छोटे आणि कच्चे असल्याचंही सांगितलं.

आपल्या देशातली सर्वांत मोठी चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. हार्ट ॲटॅक येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण, २४ रुग्णालयं. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत योगाचा कार्यक्रम दिला. पुन्हा ॲटॅक, पक्षाघात, मृत्यू यांच्या प्रमाणात ठामपणे म्हणता येईल असा फरक पडला नाही. पण योगवाल्यांना बरं वाटण्याचं प्रमाण जास्त होतं आणि ते आपल्या कामांकडे अधिक लवकर परतले.

याचा अर्थ असा, की संथ श्वासाने शरीर त्या वेळी शांत होतं हे पक्कं. रोज केल्याने काहींचा दाब थोडा उतरतो हेही बऱ्यापैकी खरं. पण तो बीपीची गोळी, शुगरचं औषध, तंबाखू सोडणं यांची जागा घेऊ शकत नाही.

आणि पाळीचं काय? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तुलना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी. ज्याला डबल ड्यूटी करावी लागते, त्याला 'श्वास घे, टेन्शन घेऊ नको' एवढंच सांगणं म्हणजे पाणी गळणाऱ्या छपराखाली नुसती बादली ठेवणं. बादली ठेवावीच, पण छपराचंही बोलावं लागेल.

पाळीवाल्यांसाठी, घरच्यांसाठी

करायचं कसं? खुर्चीवर किंवा जमिनीवर पाठ ताठ ठेवून बसा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. जबरदस्ती नको, दम लागत असेल तर तीन आणि चारपासून सुरुवात करा. दहा मिनिटं पुरेत. रातपाळीवाल्यांनी घरी आल्यावर, झोपण्याआधी करावं. घरच्यांनी त्या वेळी मिक्सर आणि टीव्ही बंद ठेवला तर तेही मोठंच औषध. गाडी चालवताना करू नये. हवेत उग्र वास असेल त्या दिवशी उघड्यावर बसून खोल श्वास घेऊ नये.

बीपी आणि हृदयाच्या रुग्णांनी श्वास कोंडून धरू नये. वेगाने श्वास फेकायचे प्रकार, डोकं खाली पाय वर अशी आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. काचबिंदू असलेल्यांनी तर उलटी आसनं टाळावीतच. चक्कर आली, हातापायांना मुंग्या आल्या तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्या.

घड्याळाच्या आकड्याबद्दल तीन गोष्टी. एक, वेगवेगळ्या कंपन्यांची घड्याळं वेगवेगळं गणित वापरतात, म्हणून आपला आकडा मित्राच्या आकड्याशी ताडू नका. दोन, वय, कमी झोप, ताप, चहा-सिगारेट, रातपाळी या सगळ्याने तो खालीवर होतो, म्हणून एका दिवसाचा आकडा सोडून द्या, आपलाच महिन्याभराचा कल पाहा. तीन, जास्त म्हणजे चांगलंच असंही नाही. ठोके बेताल पडण्याच्या आजारातही आकडा मोठा दिसू शकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं, थंड घाम, यांपैकी काही झालं तर घड्याळ बघत बसू नका, प्राणायाम करत बसू नका, 'गॅस असेल' म्हणून सोडा पिऊ नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. शुगरवाल्यांनी तर नुसता घाम आणि अशक्तपणा आला तरी.

दिराचं काय झालं?

त्या सकाळी मी त्याला आधी चहा न देता पाणी दिलं आणि दहा मिनिटं बसवलं. मग गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन बीपी तपासलं. दाब १५२ बाय ९८ निघाला. त्याच्या घड्याळाने हे सांगितलंच नव्हतं! आठवडाभर पुन्हा पुन्हा मोजून डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ आणि तंबाखू कमी करायला सांगितलं. तंबाखू अजून पूर्ण सुटलेली नाही, खोटं कशाला सांगू.

रातपाळीच्या आठवड्यात तो आता झोपण्याआधी दहा मिनिटं बसतो. देवरानी म्हणते, पाचव्या मिनिटालाच घोरायला लागतो. मी म्हटलं, घोरू दे. आकडा कधी चोवीस, कधी एकतीस. त्याने विचारायचं सोडलंय. बीपी मोजायला मात्र दर महिन्याला येतो, आणि येताना अम्मीलाही घेऊन येतो. तुमच्या घरात चाळिशी ओलांडलेलं जे कुणी असेल, त्यांचं बीपी आणि शुगर शेवटचं कधी मोजलं, एवढं आज रात्री जेवताना विचारून पाहा.